चादर कोणाच्या हातात?

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दरूप)



मराठी घरात रोज रात्री जी चादर अंथरली वा पांघरली जाते, तिचे नाव फारसी आहे. इराणमध्ये हाच शब्द स्त्रीच्या मस्तकापासून पावलांपर्यंत येणाऱ्या अखंड वस्त्रासाठी योजतात. ‘पडदा’ हा शब्दही तिकडचाच. आपल्याकडील सरदार घराण्यांतील स्त्रिया गोषात राहत असत. तो ‘गोषा’ म्हणजे फारसीतील ‘गोशा’, अर्थात कोपरा. तेव्हा मुस्लिम स्त्रीच्या पडद्याचा विषय आपल्याला सर्वस्वी परका आहे, असे मानण्याचे कारण नाही. निदान त्याची भाषा तरी आपल्या घरात केव्हाच आलेली आहे.

तथापि या विषयावर जी चर्चा होते, ती बहुधा दोन टोकांना उभी राहून होते. एक पक्ष म्हणतो, पडदा म्हणजे दास्य; तो टाकल्यावाचून स्त्रीची मुक्ती नाही. दुसरा पक्ष म्हणतो, पडदा म्हणजे श्रद्धा आणि अब्रू. त्याला हात लावाल तर धर्माला हात लावाल. दोन्ही पक्षांचा आवेश मोठा, आणि दोन्ही पक्षांत बोलणारे बहुतांशी पुरुष. ज्या स्त्रीच्या मस्तकावर ते वस्त्र आहे, तिला त्याचा अर्थ काय वाटतो, हे ऐकून घेण्याची सवड मात्र फारशी कोणाला नसते.

तो अर्थ समजून घ्यायचा असेल तर इराणच्या इतिहासाकडे वळावे लागते. कारण एकाच शतकात, एकाच देशात, एकाच वस्त्रावर तेथे दोन परस्परविरुद्ध सक्ती झाल्या. एका राजवटीने ती चादर स्त्रीच्या मस्तकावरून ओढून काढली आणि त्याच स्त्रियांच्या मुली-नातींच्या मस्तकावर दुसऱ्या राजवटीने ती बळाने घातली.

ग्रंथातील शब्द आणि गावातील रीत

प्रथम मूळ शब्दाचा विचार करू. ‘हिजाब’ या अरबी शब्दाचा अर्थ आड, पडदा. कुराणात तो काही ठिकाणी येतो, परंतु स्त्रीच्या पोशाखाचे नाव म्हणून नव्हे. तेहेतिसाव्या अध्यायात प्रेषितांच्या पत्नींशी बोलायचे तर पडद्याआडून बोलावे, असे सांगताना हा शब्द आला आहे. पोशाखासंबंधीच्या वचनांत ‘खिमार’ आणि ‘जिलबाब’ असे दोन वेगळे शब्द आहेत. त्यांचा आशय किती व्यापक, याविषयी मुस्लिम पंडितांत पूर्वापार मतभेद आहेत. चेहरा व हात वगळून सर्वांग झाकावे, असे बहुसंख्य धर्मशास्त्री मानतात. काहींच्या मते चेहराही झाकावा. आधुनिक काळातील काही विद्वान म्हणतात की, आदेश शालीनतेचा आहे, विशिष्ट कापडाचा नाही.

शिवाय ही प्रथा इस्लामपेक्षा जुनी आहे. प्राचीन असीरियाच्या कायद्यात कुलीन स्त्रीने मस्तक झाकावे असे सांगितले होते. दासीने आणि वेश्येने ते झाकले तर तिला शिक्षा होती. म्हणजे आरंभी हे वस्त्र प्रतिष्ठेची खूण होते. ही गोष्ट इराणमध्येही दीर्घकाळ दिसत राहिली. काळ्या चादरीचा कडक पडदा शहरातील सुस्थित घरांत होता. गिलान प्रांताच्या चिखलात उभे राहून भाताची लावणी करणाऱ्या शेतकरी स्त्रीला तो परवडणारा नव्हता. ती डोक्याला रंगीत रुमाल बांधून काम करी. तीही श्रद्धावान मुस्लिमच होती. पडद्याचा अर्थ धर्माइतकाच वर्गाने, व्यवसायाने आणि गावाने ठरतो, हे त्या शेतांकडे पाहिले की कळते.

पोलिसांनी दिलेली मुक्ती

१९२७ मध्ये सिद्दीके दौलताबादी नावाची एक इराणी विदुषी पॅरिसहून शिक्षण घेऊन परतली. त्यापूर्वीच तिने इस्फहानमध्ये मुलींची शाळा काढली होती आणि स्त्रियांचे वृत्तपत्र चालविले होते. परतल्यावर ती तेहरानच्या रस्त्यांवरून चादरीविना वावरू लागली. लोकांची निंदा तिने सोसली, परंतु निर्णय तिचा स्वतःचा होता.

त्यानंतर नऊ वर्षांनी हाच निर्णय सरकारने सर्व स्त्रियांच्या वतीने घेऊन टाकला. रझाशहा पहलवी १९३४ मध्ये तुर्कस्तानला जाऊन आला होता. आधुनिक राष्ट्र आधुनिक दिसलेही पाहिजे, हा ध्यास त्याने घेतला. ८ जानेवारी १९३६ रोजी तेहरानमधील शिक्षक-प्रशिक्षण संस्थेच्या समारंभात राणी आणि राजकन्या चादरीविना उपस्थित राहिल्या. पाठोपाठ हुकूम सुटले. रस्त्यावर चादर ओढून आलेल्या स्त्रीला पोलीस अडवीत आणि ती चादर काढून घेत, प्रसंगी फाडूनही टाकीत. अधिकाऱ्यांना समारंभांना आपल्या पत्नीला उघड्या मस्तकाने आणणे भाग होते.

दौलताबादींसारख्या सुशिक्षित स्त्रियांना हा दिवस सोन्याचा वाटला असणार, यात शंका नाही. पण ज्या स्त्रीने वयाच्या नवव्या वर्षापासून चादरीविना उंबरठा ओलांडला नव्हता, तिचे काय झाले? तिने उंबरठा ओलांडणेच सोडून दिले. कित्येक जणी महिनोन्महिने घराबाहेर पडल्या नाहीत. त्या काळी घरोघर न्हाणीघरे नव्हती, सार्वजनिक हमामखान्यात जावे लागे. तेथे जाण्यासाठी काही स्त्रिया रात्री गच्च्यांवरून शेजारच्या घरांत उतरत पुढे जात. जुन्या वळणाच्या अनेक घरांनी मुलींना शाळेतून काढले. जी चादर हिरावून स्त्रीला बाहेर आणायचे होते, ती चादर हिरावल्यामुळेच ती आत कोंडली गेली.

१९४१ मध्ये रझाशहाला पदत्याग करावा लागला, सक्ती सैल झाली आणि चादरी पुन्हा रस्त्यावर दिसू लागल्या. पुढील चार दशके इराणमध्ये एकाच घरात चादर घेणारी आई आणि न घेणारी मुलगी असे दृश्य सामान्य होते. स्त्रियांना १९६३ मध्ये मताधिकार मिळाला. १९६८ मध्ये फर्रुखरू पारसा या शिक्षणमंत्री झाल्या. इराणच्या मंत्रिमंडळातील त्या पहिल्या स्त्री.

निषेधाचा झेंडा, मग गणवेश

१९७८ मध्ये शहाविरुद्ध देश पेटला तेव्हा एक विलक्षण गोष्ट घडली. विद्यापीठात शिकणाऱ्या, एरवी मस्तक न झाकणाऱ्या कित्येक तरुणींनी मोर्चात जाताना चादर घेतली. त्यांच्या लेखी ती धर्माज्ञा नव्हती; शहाच्या हुकूमशाहीचा आणि पाश्चात्त्य अनुकरणाचा तो निषेध होता. रझाशहाने ज्या वस्त्राला बंदी केली, त्याला त्याच्या मुलाच्या काळात झेंड्याचे मोल आले. या तरुणींना कोणी सांगितले असते की, हाच झेंडा उद्या तुमच्यावर गणवेश म्हणून लादला जाईल, तर त्यांनी विश्वास ठेवला नसता.

क्रांती फेब्रुवारी १९७९ मध्ये यशस्वी झाली. तीन-चार आठवडेही लोटले नाहीत तोच, मार्चच्या प्रारंभी, सरकारी कचेऱ्यांत काम करणाऱ्या स्त्रियांनी हिजाब पाळावा असे आयातुल्ला खोमेनी यांचे वक्तव्य प्रसिद्ध झाले. दुसरा दिवस ८ मार्च, आंतरराष्ट्रीय महिला दिन. हजारो स्त्रिया तेहरानच्या रस्त्यांवर उतरल्या आणि पुढले काही दिवस निदर्शने चालू राहिली. त्यांत स्वतः मस्तक झाकणाऱ्या स्त्रियाही होत्या. त्यांचे म्हणणे सरळ होते. आम्ही चादर घेतो, पण ती शेजारणीवर लादू नका. सरकारने तेव्हा माघार घेतली, सक्ती नाही असा खुलासा झाला. परंतु १९८० च्या उन्हाळ्यात सरकारी कचेऱ्यांत हिजाब अनिवार्य झाला. १९८३ च्या कायद्याने तो न पाळणाऱ्या स्त्रीला ७४ फटक्यांपर्यंत शिक्षा ठरली आणि १९९६ च्या दंडसंहितेत दहा दिवस ते दोन महिने कैद किंवा दंड अशी तरतूद आली. मंत्री राहिलेल्या फर्रुखरू पारसा यांना मे १९८० मध्येच देहान्त शासन देण्यात आले होते.

१९९४ च्या फेब्रुवारीत डॉ. होमा दाराबी या मानसोपचारतज्ज्ञ स्त्रीने तेहरानमध्ये स्वतःला जाळून घेतले. हिजाबचे नियम मानीत नाही म्हणून विद्यापीठातील त्यांची प्राध्यापकी गेली होती. दुसऱ्यांच्या मनाचे दुखणे बरे करणाऱ्या एका विदुषीला जगणे अशक्य व्हावे, एवढा त्या कापडाचा भार होता.

चादरीआडून उघडलेले दार

येथे थांबून एक प्रामाणिक नोंद केली पाहिजे, अन्यथा चित्र अपुरे राहील. याच काळात इराणी स्त्रिया मोठ्या संख्येने शिकल्या. १९७६ च्या जनगणनेत स्त्री-साक्षरता सुमारे ३५ टक्के होती. २००६ मध्ये ती ८० टक्क्यांच्या आसपास पोहोचली. शतक बदलताना विद्यापीठांत प्रवेश मिळविणाऱ्यांत मुलींची संख्या निम्म्याहून अधिक झाली. याची कारणे अनेक आहेत. खेडोपाडी झालेल्या शाळा हे त्यांतील मोठे. परंतु आणखी एक कारण अभ्यासक सांगतात. जे कर्मठ बाप पूर्वी मुलीला ‘उघड्या’ शाळेत पाठवायला तयार नव्हते, ते ती हिजाबमध्ये जाते म्हटल्यावर तयार झाले. त्या मुलीच्या दृष्टीने मस्तकावरचे वस्त्र म्हणजे बाहेर पडण्याची परवानगी होती.

तिला ते वस्त्र आवडत होते की नव्हते, हा प्रश्न तिच्यापुढे नव्हताच. घरात राहायचे की ग्रंथालयात जायचे, एवढाच प्रश्न होता. मुंबईच्या भेंडीबाजारातून किंवा मालेगावच्या गल्लीतून बुरखा घालून महाविद्यालयात निघालेली मुलगी पाहिली की, या गोष्टीचे स्मरण ठेवावे. तो बुरखा हे तिच्या श्रद्धेचे चिन्ह असेल. कदाचित तो तिने घरच्यांशी केलेला करार असेल. किंवा गर्दीतल्या नजरांपासून मिळालेली थोडी मोकळीक असेल. बाहेरून पाहणाऱ्याला हे तीन अर्थ वेगळे ओळखता येत नाहीत.

मात्र परवानगीचे दार एकदा उघडले की, त्यातून पलीकडे गेलेली मुलगी परवानगी कोणी द्यायची, असा प्रश्न विचारू लागते. इराणमध्ये तेच घडले. शिरीन एबादी या शहाच्या काळात न्यायाधीश होत्या; क्रांतीनंतर स्त्री न्यायदान करू शकत नाही म्हणून त्यांना त्याच न्यायालयात कारकुनी कामावर बसविण्यात आले. पुढे वकील म्हणून त्या झगडत राहिल्या. २००३ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांनी ऑस्लोत स्वीकारले ते उघड्या मस्तकाने. त्या स्वतःला श्रद्धावान मुस्लिम म्हणवितात, हे विशेष.

काठीला बांधलेला रुमाल

२७ डिसेंबर २०१७ रोजी तेहरानच्या इन्किलाब रस्त्यावर विदा मोवाहेद ही तरुणी एका विजेच्या पेटीवर चढून उभी राहिली. आपला पांढरा रुमाल तिने काठीच्या टोकाला बांधला आणि मूकपणे धरून ठेवला. तिला अटक झाली, पण नंतरच्या आठवड्यांत दुसऱ्या मुली तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्यापैकी काहींचे वकीलपत्र घेणाऱ्या नसरीन सोतुदे यांनाही तुरुंगात जावे लागले.

सप्टेंबर २०२२ मध्ये साक्केझ या कुर्दी गावची महसा अमिनी ही बावीस वर्षांची युवती तेहरानला आली होती. हिजाब नीट घातलेला नाही म्हणून १३ सप्टेंबरला तथाकथित नीतिरक्षक पोलिसांनी तिला ताब्यात घेतले. १६ सप्टेंबरला रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. तिच्या दफनाच्या वेळी गावातल्या स्त्रियांनी आपले रुमाल उतरविले. ‘जन, जिंदगी, आझादी’ ही घोषणा देशभर गेली. तिच्या मराठी भाषांतराची गरज नाही. केवळ तरुणीच नव्हे, तर आयुष्यभर चादर घेतलेल्या आज्याही रस्त्यावर आल्या. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने मार्च २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात या आंदोलनात ५५१ पर्यंत निदर्शक मारले गेल्याचे म्हटले आहे. त्यांत किमान ४९ स्त्रिया आणि ६८ मुले होती. महसाचा मृत्यू कोठडीतील मारहाणीमुळे झाला, असा निष्कर्षही त्या मंडळाने काढला. पुढे आणखी कठोर असा हिजाब कायदा संसदेत संमत झाला, परंतु डिसेंबर २०२४ मध्ये त्याची अंमलबजावणी लांबणीवर टाकणे राज्यकर्त्यांना भाग पडले. तोवर तेहरानच्या रस्त्यांवर रुमालाविना चालणाऱ्या स्त्रियांची संख्या एवढी वाढली होती की, सगळ्यांना पकडणे शक्य नव्हते.

या आंदोलनाला ‘इस्लामविरोधी’ ठरविण्याचा प्रयत्न तेथील सत्ताधीशांनी केला. कित्येक परदेशी भाष्यकारांनीही नकळत तोच अर्थ लावला. वस्तुतः १९३६ मध्ये गच्च्यांवरून हमामखान्यात जाणारी आजी आणि २०२२ मध्ये रुमाल उतरविणारी नात, या दोघींचे गाऱ्हाणे एकच होते. आजीला चादर हवी होती, नातीला ती नको होती. दोघींनाही कोणी विचारले नव्हते.

आरशाची दुसरी बाजू

शेजारच्या तुर्कस्तानात हीच कहाणी उलट्या क्रमाने दिसते. तेथे १९८० च्या लष्करी उठावानंतर विद्यापीठांत आणि सरकारी नोकरीत मस्तक झाकण्यावर निर्बंध आले. प्रवेशद्वाराशी रुमाल उतरवावा लागे. काही विद्यार्थिनी रुमालावर केसांचा टोप घालून वर्गात बसत, काहींनी शिक्षणच सोडले. २ मे १९९९ रोजी निवडून आलेल्या मेर्वे कावाक्चे रुमाल बांधून संसदेत आल्या तेव्हा सभागृहात एवढा गदारोळ झाला की त्यांना शपथ न घेताच परतावे लागले. २०१३ मध्ये निर्बंध उठल्यावर रुमाल बांधलेल्या स्त्री सदस्या संसदेत बसू लागल्या. म्हणजे इराणी मुलीला रुमाल काढण्यासाठी जो झगडा करावा लागतो, तोच तुर्की मुलीला तो बांधण्यासाठी करावा लागला.

आपल्या देशात कर्नाटकातील महाविद्यालयांतून २०२२ मध्ये हा प्रश्न न्यायालयात गेला. उच्च न्यायालयाने १५ मार्च रोजी शासनाचा आदेश ग्राह्य धरला. सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर रोजी दोन न्यायमूर्तींचे मत विभागले गेले. न्या. हेमंत गुप्ता यांनी गणवेशातील समानता महत्त्वाची मानली, न्या. सुधांशू धुलिया यांनी मुलीची निवड आणि तिचे शिक्षण यांना अग्रक्रम दिला. गणवेशामागील समतेचा विचार क्षुल्लक नाही. परंतु वर्गाच्या दाराशी उभ्या असलेल्या मुलीची शाळा सुटली तर त्या समतेचा लाभ नेमका कोणाला झाला, हा प्रश्न उरतोच.

महाराष्ट्राची साक्ष

श्रोतेहो, मस्तकावरच्या वस्त्राचा प्रश्न महाराष्ट्राने स्वतः अनुभवला आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी उच्चवर्णीय विधवेचे केशवपन होई आणि उर्वरित आयुष्य तिने आलवणाचा पदर मस्तकावर ओढून काढायचे असे. तोही धर्मच म्हणून सांगितला जाई. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिक बांधवांनी विधवांच्या मस्तकाला वस्तरा लावण्यास नकार दिला. महर्षी कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तेव्हा केशवपन झालेल्या स्त्रीला ‘आधी आलवण टाक, मग ये’ अशी अट नव्हती. तिच्या हाती पाटी-पुस्तक दिले गेले. पुढचा निर्णय तिचा तिने घेतला. जी प्रथा अढळ वाटत होती, ती काही दशकांत विरून गेली.

हमीद दलवाई यांनी हाच मार्ग ओळखला होता. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी मुंबईत विधिमंडळावर मुस्लिम महिलांचा मोर्चा नेला, त्यात अवघ्या सात स्त्रिया होत्या. त्यांची मागणी बुरख्याची नव्हती. तोंडी तलाक बंद व्हावा आणि कायद्यापुढे समान स्थान मिळावे, ही होती. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना झाली. तत्काळ तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्दबातल ठरविला, तेव्हा न्यायालयात दाद मागणाऱ्या मुस्लिम स्त्रियाच होत्या. सात जणींच्या पावलांना तेथवर पोहोचायला एकावन्न वर्षे लागली.

दलवाईंनी तलाकपासून प्रारंभ का केला, याचा विचार केला पाहिजे. ज्या स्त्रीला एका शब्दाने घराबाहेर काढता येते, तिच्या पोशाखाला ‘स्वेच्छा’ म्हणणे कठीण आहे. तिला पोटगीचा भरवसा, हातात शिक्षण आणि स्वतःची मिळकत असेल, तर मग ती बुरखा घालो की न घालो, त्या कृतीला तिची कृती म्हणता येईल.

एक साधी कसोटी

तेव्हा पडद्याचा अर्थ काय, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. एकीला ती ईश्वराची आज्ञा वाटते, दुसरीला घराण्याची रीत, तिसरीला बाहेर जाण्याचा परवाना, चौथीला निषेधाचे निशाण, पाचवीला बेडी. एकाच स्त्रीच्या आयुष्यात हे अर्थ बदलतही जातात. यांपैकी कोणताही अर्थ खोटा ठरविण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला नाही.

विचारायचा प्रश्न वेगळा आहे. उद्या सकाळी तिने याच्या उलट करायचे ठरविले, तर तिचे काय होईल? बाप शाळा बंद करील का? नवरा माहेरी धाडील का? गल्लीतली पोरे मागे लागतील का? पोलीस गाडीत घालतील का? महाविद्यालयाचा शिपाई दाराशीच अडवील का? या प्रश्नांचे उत्तर ‘काही होणार नाही’ असे असेल, तर तिच्या मस्तकावर चादर असो वा नसो, ती स्त्री स्वतंत्र आहे. उत्तर भयाचे असेल, तर तिने काहीही परिधान केलेले असले, तरी ते तिने निवडलेले नाही.

ही कसोटी मुस्लिम घराला लागू आहे, तशी प्रत्येक घराला लागू आहे. मुस्लिम भगिनींच्या हिताची कळकळ ज्यांना खरोखर आहे, त्यांनी त्यांच्या मस्तकावरच्या कापडाची चर्चा थोडी कमी करावी आणि त्यांच्या मुलींची शाळा दहावीनंतर सुटू नये, परित्यक्तेला न्यायालयात साथ मिळावी, नोकरी मागायला आलेल्या तरुणीला कपड्यावरून परत पाठविले जाऊ नये, यासाठी आपल्या गावात काय करता येईल ते पाहावे. ती भगिनी स्वतः बोलू लागेल, तेव्हा तिच्या चादरीचा अर्थ तीच सांगेल. तोवर तो तिच्या वतीने ठरविण्याची घाई कोणीही करू नये.